चढावरची टिकटिक

मिस्त्रींनी डाव्या हाताने डॅशबोर्डवर तिसऱ्यांदा थाप मारली, तेव्हा त्यांच्या बायकोने, वहिनींनी, तिसऱ्यांदा गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"आता काय? पाणी हवंय? उतरायचंय का?"

"नंतर," मिस्त्री म्हणाले. मग जोरजोराने मान हलवत, "नंतर! नंतर! नंतर!"

अर्धांगाचा झटका आला त्या दिवसापासून त्यांच्याजवळ हा एकच शब्द उरला होता. पाच महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता ते आरशासमोर खाली बसले. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि सगळी भाषा मागेच राहिली होती. कळत सगळं होतं. पण भूक लागली तरी 'नंतर', पोट भरलं तरी 'नंतर', राग आला तरी तेच. गॅरेजात तीस वर्षं गिऱ्हाइकांना 'नंतर या, नंतर बघू' सांगता सांगता तोच शब्द जिभेला चिकटून बसला असावा, असं वहिनींना वाटायचं. घरीही त्यांनी तो काही कमी वापरला नव्हता.

पहिल्या दोन वेळा गाडी थांबवल्याबरोबर वहिनींनी इंजिन बंद केलं होतं, आणि दोन्ही वेळा मिस्त्रींनी कपाळावर हात मारून घेतला होता. या वेळी वैतागाच्या भरात त्या किल्ली फिरवायला विसरल्या. आणि मग त्यांनाही ऐकू आलं.

टिक टिक टिक टिक.

बारीक, कोरडा, एकसारखा आवाज. त्यांनी ॲक्सिलरेटर जरा दाबला तशी टिकटिकही धावू लागली. पाय काढला तशी मंदावली.

"हे? हे सांगत होतात तुम्ही मघापासून?"

मिस्त्रींनी डोळे मिटून मान मागे टेकली. पोचली बाई एकदाची, असा तो चेहरा होता.

गाडी बावीस वर्षांची. ती आहे म्हणून डोंगरापलीकडच्या शहरात आठवड्यातून दोनदा जाता येत होतं. तिथे मोठ्या दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, गेलेली वाचा परत आणायचे उपचार करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पहिले सहा महिने महत्त्वाचे. जे काही परत यायचं ते बरंचसं याच दिवसांत येतं." त्यांतले पाच संपले होते. शिवाय रांग एवढी मोठी, की लागोपाठ दोनदा गैरहजर राहिलं की ती वेळ दुसऱ्याला जायची.

बस होती, पण बसचं नाव काढायची सोय नव्हती. एकदा नेलं होतं. पहिल्याच पायरीवर त्यांचा उजवा पाय अडकला आणि ते पालथे पडले. चाळीस माणसं खिडक्यांतून बघत राहिली. पुढच्या वेळी मिस्त्रींनी थांब्याच्या खांबाला असा काही विळखा घातला, की दोन माणसांना तो सोडवेना. त्या दिवशी वहिनींनी ठरवलं, आपणच चालवायची. चालवायला त्या शिकल्या होत्या, पण नवऱ्याकडून नाही. त्यांच्या नणंदेने शिकवलं होतं, तेही गुपचूप, कारण गाडीला दुसऱ्याचा हात लागलेला मिस्त्रींना खपायचा नाही.

घराकडची उरलेली वाट त्यांनी तिसऱ्या गिअरच्या पुढे न जाता काढली. तो शुक्रवार होता. पुढची वेळ सोमवारी सकाळी दहाची होती, आणि गेल्या सोमवारी ताप आल्यामुळे एकदा दांडी झालेलीच होती. शुक्रवारी बाई ऐनवेळी सुट्टीवर निघाल्यामुळे त्यांना दोन तास बसवून तसंच परत पाठवलं होतं, आणि तो दिवस हजेरीत धरला नव्हता. म्हणजे सोमवार चुकवून चालणार नव्हता.

शनिवारी सकाळी त्या गाडी घेऊन गॅरेजात गेल्या. गॅरेज आता भागीदार एकटाच बघत होता. माणूस वाईट नव्हता. पण मिस्त्री आजारी पडल्यापासून तो त्यांच्याशी बोलताना आवाज चढवायचा, जणू वाचा गेली म्हणजे कानही गेले.

"काय मिस्त्री! कसं काय! जेवलात का!"

मिस्त्रींनी मान दुसरीकडे वळवली. कान तर त्यांचे असे होते, की या गॅरेजात गाडी आत यायच्या आधीच, वळणावर असतानाच, ते पाना निवडून ठेवायचे. 'गाडी बघायच्या आधी ऐकायची,' हे त्यांनी भागीदारालाही शिकवलं होतं. शिकला नाही तो भाग वेगळा.

भागीदाराने बॉनेट उघडलं. ऑइलची पट्टी काढून पुसली, बुडवली, परत बघितली. ऑइल पुरेसं होतं. दोनदा इंजिन गुरकावून बघितलं आणि हात पुसत तो वहिनींकडे वळला.

"वहिनी, खरं सांगू का? वय झालंय. आत सगळंच झिजलं असणार. हेड उतरवावं लागेल. आता या मॉडेलचे पार्ट कोणी ठेवत नाही, शोधावे लागतील. पंधरा दिवस तरी धरा."

"पंधरा दिवस नाहीत हो माझ्याकडे! सोमवारी जायचंय."

"अशी चढाला नेलीत तर मधेच बसेल. मग रस्त्यात मिस्त्रींना घेऊन काय करणार तुम्ही?"

तेवढ्यात गाडीला धरून धरून मिस्त्री समोर आले होते. त्यांनी डाव्या मुठीने मडगार्डवर ठोसा मारला. चेहरा लालबुंद झाला होता. "नंतर! नंतर! नंतर!"

"बघा," भागीदार म्हणाला, "मिस्त्रीसुद्धा तेच म्हणतायत. सवडीने करू. ठेवून जा."

वहिनी हसल्या असत्या, पण त्यांनी मिस्त्रींचे डोळे बघितले. तो माणूस 'नाही' म्हणत होता. जिवाच्या आकांताने नाही म्हणत होता, आणि ऐकणाऱ्याने त्याचा होकार करून टाकला होता. त्यांनी मिस्त्रींना गाडीत बसवलं आणि टिकटिक करतच घरी आणलं.

त्या दुपारी मिस्त्री जेवले नाहीत. ताट सरकवून ते खिडकीशी जाऊन बसले आणि अंगणातल्या गाडीकडे बोट दाखवत राहिले. वहिनींनी शहरातल्या दोन गॅरेजांना फोन लावले. एकाने 'मॉडेल कोणतं' ऐकल्याबरोबर फोन ठेवला, दुसऱ्याने हसून मग ठेवला. भाड्याच्या गाडीवाल्याला विचारलं, तर सोमवारच्या दोन्ही गाड्या लग्नाला लागलेल्या. एव्हाना मिस्त्री परत हाताला धरून खेचत होते. गाडीकडे बोट, मग कानाकडे, मग हवेत कसलीशी खूण, मग परत गाडीकडे. त्यांना काहीतरी माहीत होतं. ते डोक्यात होतं आणि ओठापर्यंत येत नव्हतं.

"नंतर. नंतर, नंतर..."

"अहो, मग बोला ना!" वहिनी ओरडल्या. "एवढं कळतंय तर सांगा! पाच महिने मी बडबडतेय एकटी, भिंतीशी बोलल्यासारखी! बोला एकदाचं!"

मिस्त्रींचा हात खाली आला. त्यांच्या वाकड्या झालेल्या ओठाच्या कोपऱ्यात थुंकी जमली होती, ती पुसायचंही त्यांना भान राहिलं नाही. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि आवाज अजिबात येत नव्हता.

वहिनी न्हाणीघरात गेल्या, कडी लावली, नळ सोडला आणि तोंडात टॉवेलचा बोळा कोंबून रडल्या. नवऱ्यासाठी रडल्या, स्वतःसाठी रडल्या आणि आपण त्याला आत्ता जे बोललो त्यासाठी सगळ्यात जास्त.

रविवारी सकाळी अंगणात लोखंड घासल्याचा आवाज आला म्हणून शेजारच्या घरातून वन्सं बाहेर आल्या. वन्सं म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. वय अडुसष्ट, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. बघतात तर भावजय गॅरेजातून घरी आणलेली हत्यारांची भली मोठी पत्र्याची पेटी फरशीवरून ओढत गाडीपर्यंत नेतेय आणि भाऊ स्टुलावर बसून एक हात कमरेवर ठेवून देखरेख करतोय.

"अगं, काय चाललंय हे?"

"गाडी दुरुस्त करतोय, वन्सं."

"तू?"

"हात माझे, डोकं यांचं."

"मग झालंच," वन्सं म्हणाल्या आणि खुर्ची घेऊन तिथेच बसल्या. सोडून जाण्यासारखं हे दृश्य नव्हतं.

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण वहिनींनी त्या पेटीचं झाकण आजवर उघडलं नव्हतं. त्या एकेक हत्यार उचलून दाखवू लागल्या. मिस्त्री मान हलवायचे. हे? नाही. हे? नाही. पेटी अर्धी रिकामी झाली तेव्हा हातभर लांबीचा एक स्क्रूड्रायव्हर निघाला आणि मिस्त्रींनी हात पुढे केला. लाकडी मूठ त्यांनी कानामागच्या हाडाला टेकवली आणि हनुवटीने इंजिनाकडे खूण केली.

वहिनींना कळलं. डॉक्टर छातीला लावतात तसं. स्टूल गाडीला चिकटवलं, इंजिन सुरू केलं, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक धरून त्या एकेक जागी टेकवू लागल्या. टोक वहिनींच्या हातात, मूठ मिस्त्रींच्या कानाशी. डोळे मिटलेले. इथे? डोकं हललं. इथे? नाही. इंजिनाच्या माथ्यावरच्या लांबट झाकणावर टोक आलं तेव्हा त्यांनी हात वर केला. थांब. जरा मागे. जरा पुढे. मग डोळे उघडून त्यांनी झाकणावर बोट आपटलं.

"उघडायचं?"

मान खाली वर झाली.

इंजिन निवेपर्यंत दुपार झाली. मग वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा पाना फिरवला. पहिला नट उलटाच आवळला गेला, त्यावर वन्सं म्हणाल्या, "उजवीकडे घट्ट, डावीकडे सैल. डब्याचं झाकण कधी उघडलं नाहीस का?" झाकण निघालं. आत काळ्या तेलाने माखलेली, झडपा दाबणाऱ्या छोट्या छोट्या लोखंडी हातांची रांग होती. पेटीतून मिस्त्रींनी पात्यांचा एक जुडगा काढायला लावला. केसाइतकी पातळ पोलादी पाती, पंख्यासारखी उलगडणारी. त्यांतलं एक त्यांनी बोटांनीच चाचपून निवडलं. ते त्या हाताच्या खालच्या फटीत सरकवायचं. फार सैल गेलं तर स्क्रू आवळायचा, गेलंच नाही तर सैल करायचा. प्रत्येक फट जुळली की पात्याचं टोक मिस्त्रींनी डाव्या चिमटीत धरून हलकेच ओढून बघायचं, आणि मगच पुढची.

आठ फटी होत्या. पाच वाजेपर्यंत वहिनींच्या नखांत काळं तेल भरलं होतं आणि पाठीचा कणा मोडायला आला होता. पण मिस्त्री तीन तास एकाच जागी ताठ बसले होते. त्यांनी एकदाही तोंड उघडलं नव्हतं. त्यांना त्याची गरजच पडली नव्हती. दोन फटी खरोखरच सैल निघाल्या, तेव्हा त्यांनी वहिनींकडे अशा ऐटीत बघितलं, की वहिनींना क्षणभर जुनाच नवरा समोर दिसला.

झाकण बसवलं. वहिनींनी किल्ली फिरवली.

टिक टिक टिक टिक.

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर मागितला, कानाला लावला, काढला, परत लावला. मग त्यांनी तो जमिनीवर टाकून दिला आणि भिंतीला धरत, पाय ओढत ते आत निघून गेले.

वहिनी मागोमाग गेल्या. मिस्त्री पलंगाच्या कडेवर बसले होते आणि स्वतःच्या कानावर तळहाताने मारत होते. एकदा, दोनदा, तीनदा. वहिनींनी तो हात धरला. हात, पाय, वाचा, सगळं गेलं तरी कान उरले होते. एवढा एकच ठेवा होता, आणि आज तोही खोटा निघाला असं त्यांना वाटत होतं. हे सांगायला शब्द लागला नाही. वहिनींनी त्यांचा हात मांडीवर दाबून धरला. उद्या सोमवार. उद्याची वेळ जाणार, मग ती दुसऱ्या कुणाची होणार, आणि उरलेला एक महिना या खोलीत खिडकीशी बसून संपणार. एवढं एकच चित्र त्यांना दिसत होतं, आणि ते काही केल्या पुसलं जात नव्हतं.

दहा मिनिटं गेली असतील. बाहेरून वन्संनी हाक मारली, "अगं, गाडी चालूच ठेवलीस! पेट्रोल काय वाहत्या नदीचं आहे का?"

वहिनी उठल्या, अंगणात गेल्या, किल्लीला हात घातला आणि थबकल्या.

टिकटिक जवळजवळ गेली होती. कान देऊन ऐकलं तरच, लांब कुठेतरी.

त्यांच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. शुक्रवारी जाताना सुरुवातीच्या चढाला, गाडी थंड असताना, हा आवाज होताच की! त्यांनी रेडिओ लावला होता म्हणून कळला नव्हता. मग मध्ये तो गेला. दवाखान्याबाहेर गाडी दोन तास उभी राहिली, निवली, आणि परत निघाल्यावर लगेच मिस्त्रींनी थापा मारायला सुरुवात केली. उताराला आवाज कमी, चढाला जास्त. त्या धावतच आत आल्या.

"अहो, ऐका. गाडी थंड असली की आवाज जास्त. तापली की कमी होतो, जातोच जवळजवळ. आणि चढाला पाय दाबला की मोठा होतो. हे तुम्हाला आधी कसं सांगणार होते मी? मलाच आत्ता कळलं!"

मिस्त्री त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांची पाठ हळूहळू ताठ झाली. त्यांनी गाल फुगवले आणि ओठांतून हवा सोडली. फुः. फुः. फुः. फुः. परत. डाव्या हाताचा तळवा तोंडासमोर धरून, फुः फुः फुः.

"हवा? चाकातली हवा?"

नाही, नाही. ते उठायला धडपडू लागले. अंगणात आल्यावर त्यांनी वहिनींचा हात मनगटाला धरला, तळवा उघडा केला आणि इंजिनाच्या बाजूला खाली, मागच्या अंगाला नेला. तिथे जळका धूर सायलेन्सरकडे नेणारा बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जाड नळा इंजिनाला जोडलेला होता. हात जवळ जाताच मनगटाला चटका बसला, पण वहिनींनी तो मागे घेतला नाही. कारण तळव्यावर काहीतरी आपटत होतं. गरम हवेचे छोटे छोटे, आता अगदी हलके झालेले फटके. टिक, आणि फटका. टिक, आणि फटका.

"इथून हवा बाहेर येतेय! इथून गळतंय!"

मिस्त्रींनी मान हलवली, एकदा नाही, दहादा. झाकणाखालच्या त्या फटी सैल होत्या हेही खरंच होतं. कानाने जे ऐकलं ते खोटं नव्हतं, फक्त पुरं नव्हतं. नळा थंड असताना आकसलेला असतो म्हणून फट मोठी, तापला की फुगून फट बुजते. वहिनींना हे पुढे कळलं. त्या क्षणी त्यांना एवढंच कळलं, की आत काही मोडलेलं नाही.

परत निवायची वाट बघणं आलं. तोवर दिवस कलला. बीडावर मागच्या बाजूला काजळीचा काळा पट्टा उमटलेला दिसत होता. वहिनींनी बाही वर करून हात आत घातला. जागा एवढी चिंचोळी, की मिस्त्रींचा पंजा तिथे कधी शिरलाच नसता. हाताला पहिला नट लागला, तो सैल. दुसरा सैल. तिसऱ्या जागी नटच नव्हता. नुसता आट्यांचा दांडा.

मिस्त्रींनी पेटीतला सुट्या नटांचा डबा मांडीवर घेतला. चाचपत चाचपत दोन काढले. त्या मापाचे दोनच होते.

"वन्सं, जरा टॉर्च धरता?"

"टॉर्च धरीन. पण मला आणखी कशाला हात लावायला सांगू नका."

पहिला नट वहिनींच्या बोटांतून निसटला. टण्, टण् करत इंजिनाच्या पोटात कुठेतरी गेला आणि खाली पडलाच नाही. वन्संनी गुडघे विसरून केरसुणी गाडीखाली फिरवली. काही नाही. वहिनींनी बाहीने कपाळ पुसलं तशी कपाळावर काळी रेघ उमटली. हात आता बधिर झाला होता.

"दुसरा पडला तर संपलं," त्या पुटपुटल्या. "मला नाही जमायचं हो."

मिस्त्रींनी शेवटचा नट त्यांच्या हातात दिला नाही. त्यांनी वहिनींची तर्जनी धरली, टोकाला ग्रीसचा जाड ठिपका लावला आणि त्यावर नट चिकटवला. मग बोट सोडून दिलं. जा आता.

वहिनींनी श्वास रोखून बोट आत नेलं. दांडा लागला. नट त्यावर टेकवून त्यांनी नखाने हळूहळू फिरवला. पहिला आटा धरला. दुसरा धरला. मग त्या रडायलाच लागल्या, आणि रडता रडता फिरवत राहिल्या.

तिन्ही नट पान्याने आवळताना मिस्त्रींनी पान्याच्या टोकाला धरलेल्या त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. जास्त जोर लागला की ते दाबायचे. पुरे. बीड आहे, तडकेल. पहिला थोडा, मग तिसरा, मग दुसरा, परत पहिला. एकेकाला थोडं थोडं.

इंजिन सुरू झालं.

"गेला!" वन्सं ओरडल्या. "गेला आवाज!"

मिस्त्रींनी हात वर करून बहिणीला गप्प केलं. मान एका बाजूला कलवून ते बराच वेळ ऐकत राहिले. मग अंगठा आणि तर्जनी जवळ आणून चिमटीत मावेल एवढं अंतर दाखवलं. एवढासा उरलाय.

"चढेल का एवढ्यावर?"

मिस्त्रींनी खांदा उडवला, मग मान हलवली. चढेल.

सोमवारी गाडी चढली. वहिनी सगळी वाट स्टिअरिंग घट्ट धरून बसल्या होत्या. डोंगराच्या वरच्या वळणावर त्यांनी शेजारी बघितलं, तर मिस्त्री झोपले होते. पाच महिन्यांत गाडीत ते पहिल्यांदाच झोपले होते.

डॉक्टरीणबाईंनी पाऊण तास घेतला. चित्रांचे पत्ते, आरसा, टाळ्यांच्या ठेक्यावर शब्द. घर. पाणी. हात. मिस्त्रींच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला, आणि दर वेळी तोच एक शब्द बाहेर पडला. मग बाईंनी वहिनींना बाहेर जिन्यापाशी बोलावलं.

"मी तुम्हाला अंधारात ठेवणार नाही," त्या म्हणाल्या. "मला आतापर्यंत थोडी तरी हालचाल दिसायला हवी होती. पुढच्या महिन्यापासून महिन्यातून एकदा आलात तरी चालेल. घरी काय करायचं ते मी लिहून देते."

"म्हणजे येणार नाही बोलणं?"

"एखाद दुसरा शब्द येईल. पहिल्यासारखं... मला नाही वाटत."

वहिनींनी जिन्याचा कठडा धरला. त्यांच्या मनगटावर कालच्या चटक्याचा फोड आला होता, तो कठड्यावर घासला गेला. एवढी धडपड केली, ती हे ऐकायला यायला मिळावं म्हणून! ओरडावंसं वाटलं, पण कोणावर ओरडणार? बाई खरं बोलल्या होत्या. त्यांनी कागद घेतला, घडी घातली आणि आत जाऊन मिस्त्रींच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं.

परतीच्या वाटेवर शहर मागे पडलं. मग त्यांना वाटलं, कालपासून या माणसाने आपल्यापासून काही लपवलेलं नाही. आपण का लपवायचं? त्यांनी झाडाखाली गाडी थांबवली आणि जसंच्या तसं सांगितलं. महिन्यातून एकदा. एखाद दुसरा शब्द. पहिल्यासारखं नाही.

मिस्त्री समोर बघत ऐकत होते. त्यांना धक्का बसला नाही. वहिनींच्या लक्षात आलं, हे त्यांना कधीचंच माहीत होतं. आशा वहिनींची होती. ती सांभाळायला ते आठवड्यातून दोनदा जाऊन घाम गाळत होते. त्यांनी डावा हात आणून वहिनींच्या गुडघ्यावर ठेवला, आणि या वेळी रडताना वहिनींनी कडी लावली नाही की नळ सोडला नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड पुसलं आणि गाडी रस्त्यावर घेतली. उतार सुरू झाला. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, "तो तिसरा नट कधी पडला असेल हो? वर्ष झालं असेल?"

मिस्त्रींनी मान हलवली. नाही.

"महिना?"

नाही.

"मग? तो कुणी लावलाच नव्हता?"

मिस्त्री खिडकीबाहेर बघू लागले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"अहो! तो नळा शेवटचा तुम्हीच बसवला होतात ना? तुमचा हात तिथे पोचलाच नसणार! म्हणून तसाच सोडलात! दोन नटांवर!"

मिस्त्रींचे खांदे हलू लागले. आधी वहिनींना वाटलं, रडताहेत. मग त्यांच्या वाकड्या ओठातून एक फुस्कारा सुटला, आणि दुसरा, आणि ते अर्ध्या तोंडाने हसत सुटले. वहिनी खूप चिडल्या. चिडून त्यांनी पुढची तीन वळणं त्यांना फैलावर घेतलं. आणखी काय काय अर्धवट सोडलंय, ब्रेक धड आहेत की नाहीत, गिऱ्हाइकांच्या गाड्यांत किती नट कमी आहेत, ते सगळं विचारलं. प्रत्येक प्रश्नाला मिस्त्री मान हलवत होते, बोटं दाखवत होते. ब्रेक धड आहेत. गिऱ्हाइकांच्या गाड्या धड आहेत. मागचा उजवा दिवा मात्र तारेने बांधलाय.

"थांबवू का? दाखवता मला?"

मिस्त्रींनी बोटाने पुढची रुंद जागा दाखवली. वहिनींनी गाडी कडेला घेतली आणि सकाळी सोबत घेतलेल्या पेटीतला छोटा पाना काढायला मागची डिकी उघडली.